मशेरी सुटल्यावर दात पांढरे करायचे होते: एका काकूंची व्हाइटनिंगची केस आणि त्यानंतरची सेन्सिटिव्हिटी

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं क्लिनिक आहे. लग्नसराई जवळ आली की दात पांढरे करून द्या म्हणणारी माणसं वाढतात. बहुतेक वेळा नवरा नाहीतर नवरी असते, पंचवीस-सव्वीसची, दात मुळात धडधाकट, चहाचे थोडे डाग, त्यांचं काम सोपं असतं. ही केस नवरीच्या आईची आहे. नाव सांगत नाही, काकूच म्हणते, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. सविस्तर लिहायचं कारण म्हणजे व्हाइटनिंगनंतर दात का ठणकतात आणि ठणकले तर काय करायचं हे या एका केसमध्ये सगळंच्या सगळं बघायला मिळालं, आणि त्यात एक चूक माझीसुद्धा होती.

काकूंचं वय ४८. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेकीबरोबर आल्या. लग्न १४ मेला, म्हणजे हातात दहा आठवडे. बोलायचं काम सगळं लेकच करत होती, काकू पदराचं टोक ओठांवर धरून बसलेल्या, आणि मी काही विचारलं तरी पदर तसाच ठेवून उत्तर द्यायच्या. मी विचारलं, काकू, मशेरी लावता का? तर आधी लेकीकडे बघितलं आणि मग म्हणाल्या, "लावत हुते मॅडम, गणपतीपास्नं सोडलीय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटाने दात-हिरड्यांना घासायची, ही मशेरी. आमच्याकडे कितीतरी बायका सकाळी उठल्यावर पहिलं काम हे करतात आणि मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगतात. ते खोटं नसतं, निकोटिनने आतड्याला चालना मिळते, म्हणूनच सोडताना इतका त्रास होतो. काकूंनी बाराव्या-तेराव्या वर्षापासून लावलेली, आईच्या घरापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, आणि सहा महिने झाले पूर्ण बंद. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की दात पांढरे होतील तेवढे होतील पण तुम्ही जे केलंय ते त्याच्यापेक्षा फार मोठं आहे. मला खरंच तसं वाटतं. मशेरी सोडलेली बाई माझ्या खुर्चीत बसली की मला त्या दिवशी बरं वाटतं.

दातांकडे बघायच्या आधी तोंड बघितलं. खालच्या ओठाची आतली बाजू, गाल, जिभेखाली, हिरड्यांच्या कडा, सगळं बोटाने चाचपून. मशेरीवाल्या तोंडात पांढरा नाहीतर लाल चट्टा असेल आणि दोन आठवड्यांत जात नसेल तर व्हाइटनिंगचा विषयच बंद, आधी तुकडा काढून तपासायला पाठवायचा. काकूंच्या तोंडात तसं काही नव्हतं, तोंड पण नीट उघडत होतं, तीन बोटं उभी आरामात जात होती. मग दात. पुढच्या सगळ्या दातांवर काळपट तपकिरी थर, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण एवढं की दातांमधल्या फटी दिसत नव्हत्या. वरचे दोन्ही सुळे आणि त्यांच्या मागची एकेक दाढ, अशा चार दातांच्या हिरड्या दोन ते तीन मिलिमीटर वर सरकलेल्या आणि दाताच्या मानेला, म्हणजे हिरडीलगतच्या भागाला, खाचा पडलेल्या, कुऱ्हाडीने लाकडाला घाव घालावा तशा. पस्तीस वर्षं बोटाने आडवं घासलं की हेच होतं. त्यातल्या दोन खाचा खोल होत्या. वरच्या डाव्या बाजूला सुळ्याच्या शेजारच्या दातावर दहाएक वर्षांपूर्वीचं दाताच्या रंगाचं फिलिंग होतं.

आणि एक गोष्ट खोदून विचारल्यावर कळली. लेकीने मोबाइलवर बघून काकूंना लिंबू आणि मीठ घासायला सांगितलं होतं, आधीचे पंधरा दिवस रोज सकाळी. लिंबाच्या अ‍ॅसिडने दाताचा वरचा थर मऊ पडतो आणि वरून मिठाचे खडे घासले की तो थर निघून जातो, म्हणून दोन दिवस दात चकचकीत दिसतात आणि नंतर आतलं पिवळं अजून उठून दिसायला लागतं. लेकीला मी ओरडले नाही, तिने प्रेमानेच केलं होतं, फक्त तिथल्या तिथे बंद करायला लावलं.

लेकीच्या फोनमध्ये एक जाहिरात होती, एका तासात आठ शेड पांढरे. तिला तेच हवं होतं. मी हवेची टेस्ट करून दाखवली. खुर्चीच्या हवेच्या पिचकारीने एकेका दाताच्या मानेवर एक सेकंद हवा मारायची आणि पेशंटने शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा. पुढच्या चार दातांना काकूंनी एक-दोन सांगितलं, उजव्या सुळ्याला सहा आणि डाव्या सुळ्याला सात, तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरला होता. अजून व्हाइटनिंगचा थेंब लागलेला नाही आणि हा आकडा सात. तो मी केसपेपरवर मोठ्ठा लिहून ठेवला. माझं कळकळीचं सांगणं आहे, व्हाइटनिंग करून घ्यायला कुठेही जा, आधी हा आकडा काढायला सांगा, कारण नंतर किती ठणकणार याचा अंदाज बराचसा इथेच येतो.

दात पांढरे करणारं औषध बहुतेक ठिकाणी एकच असतं, हायड्रोजन पेरॉक्साइड, नाहीतर त्यातून पेरॉक्साइड सुटणारं कार्बामाइड पेरॉक्साइड. क्लिनिकमध्ये एका बैठकीत करतात त्यात ३५-४० टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. घरी ट्रेमधून, म्हणजे दातांवर बसणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या साच्यातून, लावायच्या जेलमध्ये बहुतेक वेळा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं आणि त्यातून साधारण साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. म्हणजे दहापट फरक. हे घरचं ट्रेचं तंत्र सापडलं ते पण गंमतशीर पद्धतीने. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अर्कान्सा राज्यातल्या फोर्ट स्मिथ गावातले दात सरळ करणारे डॉक्टर बिल क्लुस्मायर पेशंटच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी ट्रेमध्ये अँटिसेप्टिक घालून रात्री लावायला द्यायचे, त्यात कार्बामाइड पेरॉक्साइड होतं, हिरड्या बऱ्या झाल्याच पण दात पण उजळले. मग १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ही पद्धत व्यवस्थित लिहून छापली आणि आज जगभर जे घरचं व्हाइटनिंग चालतं त्याचा पाया तोच आहे.

पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो की दाताच्या वरच्या कठीण थरातून आत, डेंटिनमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या पिवळसर थरात, आणि तिथून पार नसेपर्यंत, काही मिनिटांत पोचतो. रंगाचे मोठे रेणू तो तोडतो म्हणून दात पांढरा दिसतो, आणि नसेपर्यंत पोचतो म्हणून नस काही काळ चिडते. त्यामुळे धडधाकट दाताला पण व्हाइटनिंगनंतर एक-दोन दिवस कळ येऊ शकते, त्यात घाबरायचं काही नसतं. पण ज्या दाताची मान उघडी आहे तिथे वरचा कठीण थर नसतोच, डेंटिनमधल्या बारीक नळ्या थेट उघड्यावर असतात, आणि त्या नळ्यांमधलं पाणी गार-गरम-आंबट लागून हललं की कळ येते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे मांडलं आणि आजही हेच मानतात. म्हणजे काकूंच्या सुळ्यांना दोन्ही बाजूंनी मार, आतून पेरॉक्साइडचा आणि बाहेरून उघड्या मानेचा. एका तासाच्या जाहिरातीला मी नाही म्हटलं ते म्हणून. शिवाय एका बैठकीनंतर आरशात जेवढं पांढरं दिसतं त्यातलं थोडं दात सुकल्यामुळे असतं, तासभर तोंड उघडं ठेवलेलं असतं ना, दोन-चार दिवसांत पाणी परत मुरलं की तेवढा रंग मागे येतो. आणि अशा बैठकीत दातांवर धरतात तो निळा लाइट, त्याने रंगात फारसा फरक पडत नाही, दात गरम होऊन ठणका मात्र वाढू शकतो.

आधी क्लिनिंग, दोन बैठकांत. कीटण निघालं आणि पहिल्या बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन, आईचे दात ढिले झाले म्हणते, मशीनने हलवले. हे मी रोज ऐकते. कीटण दाताभोवती सिमेंटसारखं बसलेलं असतं, ते निघालं की जीभ रिकाम्या जागेत जाते आणि दात मोकळे वाटतात, आणि आत्तापर्यंत कीटणाखाली झाकलेली मान उघडी पडते म्हणून गार पाणी पण लागतं. समजावून सांगितलं, आठ दिवसांत ते वाटणं गेलं. पण मला सांगायचंय ते वेगळंच, क्लिनिंग आणि पॉलिशिंगनंतर काकूंनी आरसा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. काळा थर गेलेला, खाली दात पिवळे होते पण स्वच्छ होते. खूप लोकांना जे व्हाइटनिंग हवं असतं ते खरं तर एवढंच असतं. मी विचारलं पण, इथेच थांबायचं का? काकू म्हणाल्या, अजून थोडं करू मॅडम, पोरीच्या लग्नात फोटो निघत्यात.

त्या दिवशी शेड घेतली. शेड गाइडमध्ये दातासारखे १६ नमुने असतात, उजळपासून गडदपर्यंत लावून बघायचे, बी-१ सगळ्यात उजळ आणि सी-४ सगळ्यात गडद. काकूंचे पुढचे दात ए-३.५, म्हणजे उजळकडून बाराव्या नंबरवर, आणि सुळे त्याहून गडद, ए-४. सुळे सगळ्यांचेच जरा पिवळे असतात, त्यात काही वावगं नाही.

मग दोन आठवडे व्हाइटनिंग नाही, फक्त दात शांत करायचे. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटवालं टूथपेस्ट, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा. पोटॅशियम नळ्यांमधून नसेपर्यंत जातं आणि नसेचं चिडणं कमी करतं, पण एका दिवसात होत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. लोक चार दिवस वापरतात आणि काही फरक नाही म्हणून सोडून देतात. रात्री झोपताना तीच पेस्ट बोटाने मानेवर लावून न धुता झोपा असं मी काकूंना सांगितलं, सगळ्यांनाच सांगते. चार दिवसांनी काकू एकट्याच आल्या, लेक नव्हती, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, बोट दातावर गेलं की तिची आठवण येतीया." मशेरीची. सहा महिने जी आठवण दाबून ठेवली होती ती माझ्या एका सांगण्याने परत आलेली. हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. लगेच बदललं, बोट बंद, कापसाच्या काडीने लावायची आणि ती पण सकाळी नाही, रात्री टीव्ही बघताना. त्यानंतर तक्रार आली नाही. मशेरी सोडलेल्या पेशंटला मी आता बोटाने काहीही लावायला सांगत नाही, हिरड्यांचा मसाज पण नाही.

दोन आठवड्यांनी हवेची टेस्ट परत केली, उजवा सुळा तीन, डावा चार. दोन खोल खाचा ग्लास आयोनोमर सिमेंटने भरल्या. कायमच्या नाहीत, व्हाइटनिंग चालू असताना झाकण म्हणून. मग फक्त वरच्या दातांचं माप घेतलं, प्लास्टरचं मॉडेल काढलं, मऊ शीट गरम करून त्यावर ओढली आणि ट्रे कापला. इथे माझी चूक झाली. मी नेहमीच्या सवयीने ट्रेची कड सगळ्या दातांवर सरळ, हिरडीच्या जवळ ठेवली. पुढच्या चार दातांना ते बरोबर होतं. पण सुळ्यांची हिरडी वर सरकलेली, म्हणजे हिरडीजवळ कड म्हणजे उघड्या मुळावर कड, आणि जेल त्या मुळावर रात्रभर बसणार. मुळाचा रंग व्हाइटनिंगने तसाही फारसा बदलत नाही, तिथे जेल पोचवून फायदा शून्य आणि त्रास पूर्ण. मॉडेल समोर होतं, खाचा त्यावर दिसत होत्या, तरी घाईत कात्री सरळ फिरवली.

२६ मार्चला ट्रे आणि १० टक्क्यांच्या जेलच्या सिरिंज दिल्या. एकेका दाताला तांदळाच्या दाण्याएवढं जेल, फक्त पुढच्या बाजूला, रात्री लावून सकाळी काढायचं, बाहेर आलेलं जेल कापसाने पुसायचं. पहिल्या दोन रात्री छान गेल्या, किंचित शिवशिव, बाकी काही नाही.

३० मार्चला सकाळी पावणेआठला लेकीचा फोन. आई रात्री अडीचपासून बसून आहे, दातात करंट बसल्यावानी होतंय म्हणते, तोंडात काही नाही, पाणी नाही, काही नाही, तरी कळ येते आणि जाते, परत येते. मी क्लिनिक उघडायच्या आधीच बोलावलं. काकू डाव्या गालावर हात धरून आल्या. सुळ्यांच्या वरची हिरडी कडेने पांढुरकी पडली होती, ते जेल लागल्याचं, एक-दोन दिवसांत आपोआप जातं. हवेची टेस्ट केलीच नाही, गरजच नव्हती, आकडा विचारला तर म्हणाल्या आठ.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच, नस नुसती चिडलीय की खराब झालीय. गार लावून बघितलं, कळ आली पण गार काढल्यावर चार-पाच सेकंदांत गेली. दातांवर ठोकून बघितलं, दुखलं नाही. गरमने काही नाही. सूज नाही. कळ एका दातात अडकलेली नव्हती, दोन्ही सुळे आणि मागच्या दाढा, म्हणजे ज्यांची मान उघडी तेच सगळे. यावरून नस चिडलेली आहे, शांत होईल. याच्या उलट, गार काढल्यावर पण कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळते, गरमने वाढते, एकाच दातात ठणका, चावताना दुखतं, सूज येते, यातलं काहीही असलं तर ती व्हाइटनिंगची सेन्सिटिव्हिटी समजून वाट बघू नका, त्या दातात आधीपासून कीड किंवा चीर असू शकते.

मग एकेक विचारत गेले. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी काकूंनी दुपारी पण तीन-तीन तास ट्रे लावला होता, लग्न जवळ येतंय म्हणून. जेल पण दाण्याएवढं नाही, ट्रे भरून. आणि चौथ्या दिवशी दुपारी ट्रे काढल्या काढल्या कैरीच्या फोडी, तिखट-मीठ लावून, लोणच्यासाठी आणलेल्या कैऱ्यांतल्या. मार्चअखेर आमच्याकडे घराघरात कैरी असते, कोणाला सांगणार खाऊ नका म्हणून, पण मी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नव्हतं. पेरॉक्साइडने नस आधीच चिडलेली, वरून आंबट, वरून माझा लांब कापलेला ट्रे. मी काकूंना तिथेच मॉडेल हातात दिलं आणि दाखवलं, हे बघा काकू, ट्रे इथपर्यंत नको होता, हे माझ्याकडून झालं. लेक जरा गप्प झाली. काकू म्हणाल्या, आणि मी दुपारी लावला ते माझं. मग पुढचं काम सोपं झालं, कारण त्यानंतर काकूंनी माझ्यापासून काही लपवलं नाही.

व्हाइटनिंग पाच दिवस बंद. लेकीला वाटलं सगळं फुकट गेलं, पण तसं होत नाही, झालेला उजळपणा पाच दिवसांत पळून जात नाही, मधे थांबणं हा उपचाराचाच भाग आहे. ट्रे सुळ्यांवर आणि दाढांवर कात्रीने खाली घेतला, आता कड मुळाला न लागता दाताच्या पांढऱ्या भागावरच संपत होती, आणि कड बोटाने फिरवून गुळगुळीत केली. उघड्या मानांवर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ब्रश नाही. हे व्हार्निश पिवळसर असतं आणि मी सांगूनसुद्धा संध्याकाळी फोन आलाच, मॅडम दात परत पिवळे झाले. सकाळी ब्रश केल्यावर गेलं.

आणि सगळ्यात कामाला आलं ते त्याच ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेटचं जेल, रोज रात्री २० मिनिटं. पेस्ट ब्रशने लावली की थुंकीत वाहून जाते, ट्रेमध्ये ती दाताला चिकटून राहते, म्हणून काम लवकर होतं. ज्यांना व्हाइटनिंगनंतर त्रास होतोय आणि ट्रे घरात आहे त्यांनी आपल्या डेंटिस्टला हे नक्की विचारा, मला नवल वाटतं की किती जणांना कोणी सांगितलेलंच नसतं. पेनकिलर एक साधी, दोन दिवस, ती पण बीपी, शुगर, पोटाचा त्रास विचारून. पाणी कोमट, माठातलं नाही. कैरी, चिंच, लिंबू, कोकम पाच दिवस बंद, आणि नंतर खाल्लं तरी खाऊन पाण्याने चूळ भरायची, अर्धा तास ब्रश लावायचा नाही.

पहिल्या रात्री दोनदा कळ आली. दुसऱ्या रात्री एकदा. तिसऱ्या रात्री झोप लागली. पाचव्या दिवशी हवेची टेस्ट, उजवा तीन, डावा चार, म्हणजे परत तिथेच आलो जिथून ट्रे सुरू केला होता.

४ एप्रिलपासून परत सुरू, पण वेगळ्या पद्धतीने. रात्रभर नाही, संध्याकाळी दीड-दोन तास. याला कारण आहे, कार्बामाइड पेरॉक्साइडची जवळपास अर्धी ताकद पहिल्या दोन तासांतच वापरून होते, उरलेली रात्र हळूहळू उतरत जाते, म्हणून ज्याला रात्र झेपत नाही त्याला दोन तासांत पण बरंच काम मिळतं, फक्त दिवस जास्त लागतात. एक दिवसाआड. आधी १५ मिनिटं पोटॅशियम नायट्रेट, मग ट्रे धुवून व्हाइटनिंग जेल. सिरिंजमधून जेल किती घ्यायचं ते मी काकूंच्या हातून माझ्यासमोर तीनदा भरून घेतलं. आणि रोजचा आकडा कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, शून्य ते दहा. पाचच्या वर गेला की त्या दिवशी ट्रे नाही, मला विचारायची पण गरज नाही. ते कॅलेंडर काकू दर वेळी घडी करून पिशवीतून आणायच्या, दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख त्याच चौकोनात, आणि कोपऱ्यात २, ३, २, १. एकदाच ६ होता, १४ एप्रिलला, त्या दिवशी ट्रे लावला नव्हता, समोर लिहिलं होतं "पन्हं".

मधेच लेकीने ऑनलाइन जास्त टक्क्यांचं जेल मागवायचं का विचारलं. युरोपियन युनियनमध्ये २०१२ पासून नियम आहे, ०.१ टक्क्याच्या वर आणि ६ टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड डेंटिस्टच्या हातूनच सुरू व्हायला हवं आणि १८ वर्षांखालच्यांना द्यायचं नाही, त्याच्यावरचं तर नाहीच. तिथल्या लोकांनी उगाच केलेलं नाही ते. जास्त टक्क्यांनी दात लवकर पांढरे होतात हे खरं, शेवटी येणारा रंग मात्र जवळपास तोच असतो. काकूंच्या सुळ्यांनी साडेतीन टक्क्यांना रात्री अडीचला उठवलं होतं, अजून काय सांगू. तिने मागवलं नाही.

२४ एप्रिलला शेवटचा ट्रे. आधीच्या चार रात्री आणि नंतरच्या दहा संध्याकाळी. पुढचे दात ए-३.५ वरून ए-२, म्हणजे बाराव्या नंबरवरून पाचव्यावर. सुळे ए-३. बी-१ पर्यंत ओढायचा प्रयत्नच केला नाही, अठ्ठेचाळीस वर्षांच्या चेहऱ्यावर ए-२ छान दिसतो, आणि अजून दहा दिवस ओढलं असतं तर ठणका मात्र नक्की वाढला असता. जुन्या फिलिंगचा रंग अर्थातच बदलला नव्हता, फिलिंग आणि कॅप यांच्यावर व्हाइटनिंगचा असर होत नाही, त्यामुळे आजूबाजूचे दात उजळल्यावर ते एकटं पिवळं उठून दिसायला लागलं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं म्हणून कोणी दचकलं नाही. ते लगेच बदलता पण येत नाही, व्हाइटनिंगनंतर दातात ऑक्सिजन उरलेला असतो आणि नवीन कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचं मटेरियल, नीट चिकटत नाही, दोन आठवडे थांबावं लागतं, शिवाय तेवढ्यात रंग पण स्थिरावतो. तारखा सुरुवातीलाच मागून मोजल्या होत्या, १४ मेचं लग्न, ८ मेला फिलिंग, म्हणून २४ एप्रिल शेवट. लग्नाच्या दोन आठवडे आधी येऊन व्हाइटनिंग मागणाऱ्यांना मी हेच सांगते, फिलिंग बदलायचं असेल तर वेळ संपलेली आहे, क्लिनिंग करा आणि निवांत लग्नाला जा.

८ मेला जुनं फिलिंग काढून ए-२ मध्ये नवीन केलं, आणि मानेच्या खाचांवर आयोनोमरचा वरचा थर काढून कॉम्पोझिट भरलं. त्या दिवशीची हवेची टेस्ट, उजवा एक, डावा दोन. सुरुवातीला सहा आणि सात होते. म्हणजे दात पांढरे करून झाल्यावर सेन्सिटिव्हिटी आधीपेक्षा कमी, हे ऐकायला उलटं वाटतं पण कारण सरळ आहे, खाचा भरल्या, घासायची पद्धत बदलली, लिंबू-मीठ सुटलं आणि दोन महिने पोटॅशियम नायट्रेट चालू राहिलं.

जुलैत काकू तपासणीला आल्या. पुढचे दात ए-२च, सुळे किंचित मागे आलेले, ते होतंच. ट्रे डबीत ठेवलाय, वर्षा-सहा महिन्यांनी वाटलं तर दोन-तीन संध्याकाळी लावायचा, आधी येऊन हवेची टेस्ट करून. डावा सुळा माठाच्या पाण्याला अजून किंचित लागतो म्हणाल्या, तर पेस्ट चालू ठेवायला सांगितलीय. मशेरी बंदच आहे. खालच्या दातांना अजून हात लावलेला नाही, तिथे हिरड्या आतल्या बाजूने पण सरकलेल्या आहेत आणि कीटण परत थोडं धरलंय, त्यामुळे आधी ते क्लिनिंग, दिवाळीआधीची तारीख दिलीय, व्हाइटनिंगचं नंतर बघू.